ग्लायडरमधला रिसिव्हर भरवशाचा आहे का, हे जमिनीवर कसं तपासायचं?

कास_वारा (सातारा)

नमस्कार मंडळी.

साताऱ्याजवळच्या टेकड्यांवर मी स्लोप ग्लायडर उडवतो, म्हणजे उतारावरून वर चढणाऱ्या वाऱ्यावर तरंगणारं, इंजिन नसलेलं रेडिओ कंट्रोल मॉडेल. सध्याचं मॉडेल दोन मीटर पंखांचं, सेकंड हँड घेतलेलं. वजन पावणेदोन किलो. फ्यूजलाज ग्लास फायबरचं, मागच्या नळीत कार्बन, पंखात कार्बनचा स्पार. सर्व्हो (पंख-शेपटीचे हलणारे भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) सहा: दोन एलरॉन, दोन फ्लॅप, एलिव्हेटर आणि रडर. सगळे मेटल गिअरचे, डिजिटल. ट्रान्समीटरचा सिग्नल घेऊन सर्व्होंना हुकूम देणारा २.४ गिगाहर्ट्झचा, दोन अँटेनांचा रिसिव्हर आधीच्या मालकाने नाकात बसवला होता, तो तसाच आहे. बॅटरी चार सेलची निकेल-मेटल हायड्राइड, २००० एमएएच, स्विचमधून रिसिव्हरला. ट्रान्समीटरवर एजटीएक्स हे सॉफ्टवेअर.

परवा काय झालं ते सांगतो. वारा पश्चिमेचा, एकसारखा, लिफ्ट चांगली. मॉडेल कड्यापासून साधारण दीडशे मीटर पुढे, माझ्या डोळ्यांच्या पातळीला, चांगल्या वेगात. मी जोरात वळवलं, नाक माझ्याकडे आलं आणि त्याच क्षणी कंट्रोल गेला. स्टिक पूर्ण दिली तरी काही नाही. ट्रान्समीटर एकदाच बोलला: टेलिमेट्री (मॉडेलकडून उलट येणारी माहिती) गेली. मॉडेल तिरकं माझ्याकडे येत राहिलं. सेकंदभर, फार तर दीड. मग सगळं परत आलं. मी लगेच उतरवलं.

घरी टेबलावर सगळं नीट. एकेक स्टिक हलवून पाहिली, सहाही सर्व्हो चालतात. मॉडेल गच्चीवर ठेवून ट्रान्समीटर घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. भावाने फोनवर सांगितलं, सर्व्हो हलतायत.

मी जिथे उडवतो त्या उतारावर खाली गुरं चरतात, गुरांमागे पोरं असतात. त्यामुळे "एकदा उडवून बघू काय होतंय ते" हा मार्ग मला अजिबात नको. रिसिव्हर खराब आहे की नाही हे जमिनीवरच, खात्रीने कसं ठरवायचं? किती अंतरावर टेस्ट करायची आणि पास-नापास कशावरून म्हणायचं?


पंख_जोडी (नाशिक)

एवढा विचार करू नका. मोल्डेड मॉडेलच्या किमतीपुढे रिसिव्हरची किंमत काहीच नाही. जुना काढा, नवा टाका, बाइंड करा (ट्रान्समीटरशी त्याची जोडी जमवा), विषय संपला. मी संशय आलेला रिसिव्हर पुन्हा वापरत नाही.


बाल्सा_आणि_डोप (पुणे)

पंख_जोडी, तुम्ही काळजीपोटी सांगताय हे कळतं. पण दोष बॅटरीत किंवा अँटेनाच्या जागेत असेल तर नवा रिसिव्हरही त्याच खोबणीत बसेल, त्याच वायरवर चालेल आणि त्याच टेकडीवर तसाच गप्प होईल. आणि तेव्हा आपण निर्धास्त असू, हे जास्त वाईट. आधी दोष कुठे आहे ते शोधू, मग खर्च करू.

कास_वारा, तुझी खाली चरणाऱ्या गुरांची आणि पोरांची काळजी वाचून बरं वाटलं. सविस्तर लिहितो, सावकाश वाच.

मी वर्कशॉप इन्स्ट्रक्टर होतो आणि सुट्टीच्या दिवशी एनसीसी एअर विंगच्या कॅडेट्सना मॉडेलिंग शिकवायचो. तेव्हा आमचे सेट ७२ मेगाहर्ट्झचे. रिसिव्हरमधून मीटरभर लांब वायर निघायची आणि ती शेपटीपर्यंत ताणून बांधायची. रेंज टेस्ट म्हणजे ट्रान्समीटरची अँटेना मिटवायची आणि चालत सुटायचं. सिग्नल कमी झाला की सर्व्हो थरथरायला लागायचे. मग पावलं मोजायची. त्या सेटमध्ये बिघाड आधी डोळ्यांना दिसायचा. २.४ मध्ये तो दिसत नाही. डिजिटल दुवा शेवटच्या काठापर्यंत स्वच्छ चालतो आणि मग एकदम तुटतो. म्हणून गल्लीच्या टोकावरून सर्व्हो हलला याचा अर्थ एवढाच, की त्या जागी, त्या दिशेने, त्या क्षणी सिग्नल पुरेसा होता. किती शिल्लक होता, ते कळलंच नाही. २.४ मध्ये सर्व्होकडे बघू नकोस, आकड्याकडे बघ. आणि चांगल्यात चांगला आकडा सोडून दे, सगळ्यात वाईट दिशेचा आकडा कामाचा.

तो असा काढायचा. सकाळी मोकळं मैदान गाठ, जवळ तारेचं कुंपण, गाड्या, पत्र्याची शेड नको. मॉडेल पूर्ण जोडलेलं हवं: पंख लावलेले, कॅनोपी बंद, नाकातलं शिसं जागेवर, बॅटरी जागेवर. नुसता रिसिव्हर टेबलावर तपासून उपयोग नाही, कारण आपल्याला "या मॉडेलमधला रिसिव्हर" तपासायचा आहे. मॉडेल लाकडी किंवा प्लास्टिकच्या स्टुलावर, छातीच्या उंचीवर ठेव. गवतावर ठेवलं तर जमीन सिग्नल खाते, विशेषतः ओलं गवत. कुणाला हातात धरायला दिलं तर त्याचं शरीर खातं, कारण माणसात पाणीच जास्त आणि २.४ ला पाणी अडवतं.

ट्रान्समीटरला मॉडेल सेटअपच्या पानावर रेंजचा पर्याय आहे. तो चालू केला की पॉवर पडते. बऱ्याच सेटमध्ये पल्ला साधारण तिसाव्या हिश्श्यावर येतो, म्हणजे डेसिबलमध्ये ३० च्या आसपास घट. आता तीस मीटरवर उभा राहा. ट्रान्समीटरच्या अँटेनाचं टोक मॉडेलकडे रोखू नकोस, ती आडवी ठेव. भावाला सांग, मॉडेल स्टुलावर थोडं थोडं फिरव आणि बाजूला हो. नाक तुझ्याकडे, मग पंचेचाळीस अंश, मग कूस, मग शेपटी, असं पूर्ण वर्तुळ. नंतर नाक थोडं खाली, नाक वर, एक पंख खाली. प्रत्येक वेळी आरएसएसआयचा, म्हणजे सिग्नलच्या जोराचा, आकडा वहीत लिही. ४५ ला पहिली घंटा आणि ४२ ला दुसरी हे एजटीएक्सचे ठरलेले आकडे, तू बदलले नसशील तर तेच असतील. ढोबळ हिशेब लक्षात ठेव: अंतर दुप्पट झालं की आकडा ६ ने उतरतो. म्हणजे एखाद्या दिशेला १२ ने कमी दिसला तर त्या दिशेचा पल्ला चौथ्या हिश्श्यावर आला.

अँटेना उघडून नीट बघ. २.४ ची तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर, तिचा चौथा हिस्सा ३१ मिलिमीटर. अँटेनाच्या टोकाला तेवढाच तुकडा जाळीशिवाय उघडा असतो आणि काम तोच करतो, बाकीची वायर फक्त सिग्नल आत आणते. तो तुकडा सरळ हवा, दुमडलेला नको, कार्बनला किंवा बॅटरीला चिकटलेला नको. दोन अँटेना एकमेकींशी काटकोनात हव्यात, कारण टोकाच्या रेषेत अँटेनाला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. एकीचं टोक तुझ्याकडे असेल तेव्हा दुसरीची कूस तुझ्याकडे असली पाहिजे. आणि रिसिव्हरच्या पाटीवरचं ते इवलं सोनेरी कनेक्टर भिंगातून बघ. जोरात लँडिंग झालं की ते अर्धवट सुटतं. टेबलावर दुसरी अँटेना एकटी भार उचलते आणि कुणाला पत्ता लागत नाही.

आणखी दोन गोष्टी हव्यात. ट्रान्समीटरच्या एसडी कार्डावर त्या दिवसाचा लॉग असेल तर कंट्रोल जाण्याआधीची शेवटची ओळ इथे टाक, आरएसएसआय आणि रिसिव्हरचं व्होल्टेज दोन्ही. आणि त्या वेळी "सिग्नल कमी" अशी सूचना आधी आली होती का, की थेट टेलिमेट्री गेली, ते आठवून सांग.


श्टुटगार्टकर

काका, वर्तुळात फिरवण्याची टेस्ट आमच्या क्लबमध्येही नवीन मॉडेलला सक्तीची आहे. इथे मोल्डेड मॉडेल भरपूर, आणि पूर्ण कार्बनचं नाक म्हणजे रिसिव्हरला लोखंडी पेटीत कोंडल्यासारखं. म्हणून हल्ली नाकाचा भाग ग्लास किंवा केव्हलरचा करतात, त्यातून २.४ आरपार जातं. जुनं कार्बन नाक असेल तर अँटेनाची टोकं भोक पाडून बाहेर काढतात, दिसायला वाईट दिसलं तरी. कास_वारा, तुमच्या नाकात नुसतं ग्लास आहे ना? काळ्या रंगाखाली कार्बनचा पट्टा असू शकतो. मल्टिमीटरची टोकं कडेच्या घासलेल्या जागी लावून बघा, कार्बन असेल तर वीज वाहते.

टेकडीवर मोबाइल टॉवर आहे का? भारतात ४जी साठी २३०० ते २४०० मेगाहर्ट्झचा पट्टाही वापरतात आणि आपला २४०० ला सुरू होतो, म्हणजे अगदी भिंतीला भिंत. टॉवर जवळ असेल तर रिसिव्हरचा पुढचा भाग त्या जोरदार सिग्नलने दबतो. अशा वेळी आरएसएसआय चांगला दिसतो, पण पॅकेट हरवत असतात. तेव्हा हीच स्टुलाची टेस्ट एकदा मैदानावर आणि एकदा टेकडीवर करा, आणि रिसिव्हर लिंक क्वालिटी (शंभरातली किती पॅकेट पोहोचली) दाखवत असेल तर तोही आकडा लिहा.

कुणी ट्रान्समीटरची पॉवर वाढवा म्हणेल, त्याआधीच लिहून ठेवते: युरोपात २.४ ला १०० मिलिवॉटची मर्यादा आहे. तेवढ्यात इथल्या वासरकुप्पे डोंगराच्या उतारावर मॉडेल ठिपक्याएवढं होईपर्यंत लोक आरामात उडवतात. दीडशे मीटरवर दुवा तुटतो तेव्हा कमतरता पॉवरची नसते.


कास_वारा (सातारा)

काका, श्टुटगार्टकर, दोघांचे मनापासून आभार. हायस्कूलच्या मैदानावर भावाला घेऊन टेस्ट केली. जे दिसलं ते बघून अंगावर काटा आला.

रेंज मोड, तीस मीटर. कुशीवर ७१. शेपटीकडून ६२. नाक समोर आणलं तर ४८, आणि नाक थोडं खाली केल्यावर ४४, घंटा वाजली. नाक उघडून पाहिलं तर दोन्ही अँटेना एकमेकींना समांतर, लांबीच्या दिशेने, बॅटरीच्या दोन्ही अंगांना टेपने चिकटवलेल्या. म्हणजे नाक माझ्याकडे आलं की दोघींची टोकं माझ्याकडे, आणि मध्ये बॅटरी आणि शिसं. उघड्या तुकड्यांपैकी एक बॅटरीच्या कडेवर वाकलेला. कनेक्टर दोन्ही घट्ट आहेत. नाक ग्लासचंच आहे, मल्टिमीटरने खात्री केली.

आता प्लास्टिकच्या बारीक नळ्या घेऊन एक अँटेना उभी केली आणि दुसरी आडवी, बॅटरीच्या मागे, दोन्ही काटकोनात. पुन्हा टेस्ट: कुशीवर ७०, शेपटीकडून ६४, नाक समोर ६३, आणि कशाही अवस्थेत ६० च्या खाली नाही.

टेकडीवर टॉवर आहे, पण माझ्या जागेपासून बराच दूर, खांद्यापलीकडे. तिथेही स्टूल नेऊन मोजलं. आकडे मैदानासारखेच, आणि लिंक क्वालिटी शंभरावरून हलली नाही.

लॉग सापडला. सेकंदाला एक ओळ आहे. कंट्रोल जाण्याआधीची ओळ: आरएसएसआय ६१, व्होल्टेज ४.९. पुढच्या ओळीत काहीच नाही, त्यानंतर परत सगळं. "सिग्नल कमी" असं ट्रान्समीटर बोलला नव्हता, हे नक्की आठवतं.

कंट्रोल गेला तोही नाक माझ्याकडे असतानाच. म्हणजे कारण सापडलं ना? रविवारी उडवायला हरकत नाही ना?


बाल्सा_आणि_डोप (पुणे)

रविवारी उडवू नकोस.

तू जे सापडवलंस ते मोलाचं आहे, ते दुरुस्त झालंच पाहिजे होतं. पण परवाचा कंट्रोल त्याने गेला नाही. हिशेब कर. नाक खाली असताना तुझा वाईटात वाईट आकडा ४४, रेंज मोडमध्ये, तीस मीटरवर. पूर्ण पॉवरला त्यात ३० मिळव, ७४. तीसवरून दीडशे मीटर म्हणजे अंतर पाचपट, १४ वजा कर. उरले ६०. आणि लॉगमध्ये काय आहे? ६१. तुझी मैदानावरची टेस्ट आणि हवेतला लॉग इतके नेमके जुळले, हे बघून मला फार समाधान वाटलं. भावाचंही कौतुक सांग.

पण ६१ वर दुवा तुटत नाही. पहिली घंटा ४५ ला. मध्ये १६ शिल्लक होते, म्हणजे त्याच वाईट दिशेने, त्याच वाकड्या अँटेनावर मॉडेल सहापट लांब, नऊशे मीटरच्या पुढे गेलं असतं तेव्हा घंटा वाजली असती. शिवाय सिग्नल हळूहळू मेला असता तर ट्रान्समीटर आधी कुरकुरला असता. तो कुरकुरला नाही. चांगला ६१ आकडा, आणि पुढच्या सेकंदाला काहीच नाही. सिग्नल असा जात नाही, वीज अशी जाते.

आणखी एक खूण आहे. तुझं फेलसेफ (सिग्नल गेला की सर्व्होंनी आपोआप घ्यायची स्थिती) काय आहे? फ्लॅप खाली, एलरॉन वर असं असेल, तर त्या सेकंदात फ्लॅप उतरले होते का? बऱ्याच रिसिव्हरमध्ये फेलसेफ यायला थोडा वेळ जातो, आधी शेवटची स्थिती धरून ठेवतात, त्यामुळे हा एकटा पुरावा धरू नकोस. पण उतरले नसतील तर माझा संशय वाढेल.

आता तो क्षण पुन्हा डोळ्यांपुढे आण. मॉडेल वेगात, तू जोरात वळवलंस. एलिव्हेटर ओढला. स्नॅप फ्लॅपचं मिक्स (एलिव्हेटरबरोबर फ्लॅपही हलवणारं) असेल तर फ्लॅपही उतरले. एलरॉन फिरले. सहाच्या सहा डिजिटल सर्व्हो एका झटक्यात, हवेचा भार घेऊन. एकेक अँपिअर धर, सहा-साडेसहा अँपिअर. चार सेल, कनेक्टर, बारीक वायर आणि तो सरकता स्विच, एवढ्यातून ते यायचे. वाटेत मिळून पाव ओहम रोध असला तरी दीड व्होल्टच्या वर खाली जातं. ४.९ चे ३.३ झाले की बरेच रिसिव्हर मिटतात आणि पुन्हा सुरू होतात. हा डोह काही मिलिसेकंदांचा असतो. सेकंदाला एक ओळ लिहिणाऱ्या लॉगमध्ये तो कसा सापडणार? आणि टेबलावर तू एकेक स्टिक हलवलीस, म्हणजे एका वेळी एक-दोन सर्व्हो.

तर आता ही टेस्ट. बॅटरी पूर्ण भर. रिसिव्हरच्या रिकाम्या चॅनेलवर मीटर लाव, किमान आकडा धरून ठेवणारा. कारखान्यात ऑसिलोस्कोप मिळत असेल तर सोन्याहून पिवळं, मीटर अशा बारीक डोहाला अपुरा पडतो. दोन्ही स्टिक गोल गोल, जोरात, टोकाला टोक लावून फिरव आणि त्याच वेळी फ्लॅपचा स्विच वर-खाली कर. मग भावाला सांग, फ्लॅप आणि एलरॉन तळहाताने हलके दाबून धर. हलके, गिअरचे दात जाता कामा नयेत. रिसिव्हरच्या दिव्याकडे एकाने एकटक बघायचं.

नंतर स्विच बाजूला काढून बॅटरी थेट रिसिव्हरला जोड आणि सगळं पुन्हा कर. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे तुझा स्विच.


पंख_जोडी (नाशिक)

काका, मग कपॅसिटर लावला तर? रिसिव्हरच्या रिकाम्या चॅनेलला लावायचे तयार मिळतात, ४७०० मायक्रोफॅरडचे.


बाल्सा_आणि_डोप (पुणे)

मदत होते, पण किती ते बघा. साडेसहा अँपिअर ओढ असताना ४७०० मायक्रोफॅरड एका मिलिसेकंदाला जवळजवळ दीड व्होल्ट उतरतो. फार छोटा झटका तो झेलेल, सर्व्हो भाराखाली अडकून ओढत राहिला तर नाही. वाटेतला रोध आधी काढायचा. त्यावर कपॅसिटर लावलात तर माझी हरकत नाही. रोध तसाच ठेवून लावलात तर दोष झाकला जाईल आणि हवेत भेटेल.


कास_वारा (सातारा)

काका, सापडलं. टेबलावर, डोळ्यांसमोर.

फेलसेफ फ्लॅप खाली असंच आहे, आणि त्या दिवशी फ्लॅप उतरले नव्हते. मॉडेल स्वच्छ पंखांनी तिरकं येत होतं, ते चित्र मला पक्कं आठवतंय.

कंपनीतला ऑसिलोस्कोप साहेबांना विचारून शनिवारी संध्याकाळी वापरला. बॅटरी पूर्ण भरलेली, शांत असताना ५.०. दोन्ही स्टिक गोल फिरवल्या, फ्लॅप वर-खाली केले: डोह ३.६ पर्यंत. रिसिव्हर टिकला. मग भावाने पृष्ठभाग तळहाताने दाबले आणि मी तेच केलं. रेषा ३.२ ला टेकली, रिसिव्हरचा हिरवा दिवा विझला, सर्व्हो होते तिथे ढिले पडले, ट्रान्समीटर म्हणाला टेलिमेट्री गेली, आणि सेकंदभराने दिवा परत लागला. टेकडीवर ऐकलं होतं अगदी तेच, त्याच क्रमाने. रिसिव्हर दोन फुटांवर होता. सिग्नलचा प्रश्नच नव्हता.

स्विच काढून थेट जोडलं. तसंच दाबून, तसंच फिरवून: ४.३ च्या खाली जात नाही.

स्विच उघडला. आतली पितळी पट्टी एका जागी काळी पडलेली, आणि तिच्यावर दाब देणारा खटका सैल. वायर २६ गेजच्या (गेजचा आकडा मोठा तितकी वायर बारीक), दोन्हीकडून मिळून तीस सेंटिमीटर. कनेक्टरच्या एका पिनला हिरवट गंज होता, आपल्याकडच्या पावसाळ्यात मॉडेल माळ्यावर राहिलं असणार.

आता दोन प्रश्न. स्विचच्या जागी काय लावू? आणि रिसिव्हर स्वतः निर्दोष म्हणायचा का?


श्टुटगार्टकर

स्विचच काढून टाका. आमच्याकडे एफ३एफ (उतारावरच्या ग्लायडरची वेगाची स्पर्धा) उडवणारे बरेच जण स्विच लावतच नाहीत. बॅटरीचा जाड कनेक्टर फ्यूजलाजच्या कडेला आणतात, जोडला की चालू, काढला की बंद. लावायचाच असेल तर इलेक्ट्रॉनिक स्विच घ्या, ज्याला चुंबक किंवा लाल पिन लागते आणि बिघडला तर चालू अवस्थेतच राहतो.

थंडीत टेकडीवर उडवत असाल तर निकेल सेल आणखी मऊ पडतात, सकाळी बॅटरी खिशात गरम ठेवून मग बसवा. महाबळेश्वरच्या बाजूला डिसेंबरात हे जाणवेल.


बाल्सा_आणि_डोप (पुणे)

श्टुटगार्टकर म्हणतात ते बरोबर, स्विच नको. २० गेजची सिलिकॉन वायर घे, आणि पॅकमधून दोन स्वतंत्र जोड्या काढून रिसिव्हरच्या दोन वेगवेगळ्या जागी दे. सहा अँपिअर एका सर्व्हो कनेक्टरच्या त्या बारीक पिनांवर टाकू नकोस. सोल्डर करताना वायर आधी कथिलाने भिजवून घे, आणि जोडापाशी हीट श्रिंकखाली वायरला थोडा आधार दे, नाहीतर लँडिंगच्या हादऱ्याने ती नेमकी कथिल संपतं तिथे तुटते. पॅक जुना असेल तर तोही बदल. नवा पॅक आला की ऑसिलोस्कोपवरची टेस्ट पुन्हा करायची.

रिसिव्हरबद्दल. आत्तापर्यंत त्याच्याविरुद्ध काही सापडलेलं नाही, पण त्याने जोराची लँडिंग सोसली असतील, तेव्हा एक शेवटची तपासणी कर. चालू ठेवून पेन्सिलच्या मागच्या खोडरबराने हलके टकटक कर, पाटीच्या चारी कोपऱ्यांवर आणि क्रिस्टलच्या डबीवर. एकही सर्व्हो दचकला किंवा लिंक क्वालिटी हलली तर तो रिसिव्हर मॉडेलमधून बाद. मग कॅनोपी लावून अर्धा तास उन्हात ठेव, चालू अवस्थेत. आपल्या उन्हात गडद कॅनोपीखाली फार तापतं, आणि चिरलेलं सोल्डर गरम झाल्यावर बोलतं. यातून निघाला तर मी तो माझ्या स्वतःच्या मॉडेलमध्ये लावीन.

लॉगची ओळ सेकंदाच्या दहाव्या भागाला एक अशी कर. पहिल्या दिवशी खाली उतारावर कुणी नाही हे बघून, कड्यापासून चांगलं पुढे आणि उंच नेऊन मुद्दाम जोरात वळणं घे, आणि लगेच उतरून व्होल्टेजचा रकाना वाच. लॉगला सगळे डोह दिसत नाहीत हे आता तुला माहीत आहे, म्हणून तिथे ४.६ दिसले तरी मी थांबेन आणि वायरिंग पुन्हा बघेन.


पंख_जोडी (नाशिक)

हे सगळं वाचून माझं इलेक्ट्रिक ग्लायडर उघडलं. त्यात बॅटरी थ्री सेल लिपो, रिसिव्हरला वीज ईएससीच्या (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) बीईसीमधून, म्हणजे त्यातल्या रिसिव्हर-सर्व्होंना वीज देणाऱ्या भागातून. बीईसीवर ३ अँपिअर लिहिलंय आणि सर्व्हो चार. त्यालाही हीच टेस्ट चालेल का?


बाल्सा_आणि_डोप (पुणे)

हीच टेस्ट. फक्त आधी प्रॉपेलर काढून ठेवा. बीईसी ओव्हरलोड झाला तर निकेल पॅकसारखा हळूहळू वाकत नाही, गरम होऊन एकदम बंद पडू शकतो, म्हणून स्टिक फिरवण्याचं काम दोन-तीन मिनिटं सलग करा आणि मध्ये मध्ये ईएससीला हात लावून बघा. बोट ठेववत नसेल तर वेगळा ५ अँपिअरचा बीईसी घ्या आणि ईएससीच्या प्लगमधली मधली लाल पिन काढून तिला टेप लावा. आणि प्रॉप काढलेला असतानाच ट्रान्समीटर बंद करून बघा, फेलसेफमध्ये मोटर थांबते ना.